मावशीची शेगडी केवढी हवी?

थंडीच्या दिवसांत पहाटे उठून बंब पेटवायचे काम तुमच्या वाट्याला कधी आले आहे का? ज्यांच्या घरी अजून तांब्याचा बंब आहे, किंवा जे सुटीत आजोळी जातात, त्यांना एक गोष्ट नक्की ठाऊक असेल. बंबाच्या मधल्या नळीत दोन-तीन बंबफोड टाकल्या, त्या चांगल्या पेटल्यावर आणखी दोन टाकल्या, की जाळ कसा फुरफुरतो आणि पाणी हां हां म्हणता तापते. पण एखाद्या दिवशी घाई असते. आपण नळी गळ्यापर्यंत लाकडांनी ठासून भरतो आणि खुशाल आंघोळीची वाट पाहत बसतो. काय होते? घरभर धूर कोंडतो, डोळ्यांतून पाणी वाहू लागते, आणि बंबातले पाणी मात्र कोमटच राहते!

लाकूड जास्त, मग उष्णता कमी का? या साध्या प्रश्नाच्या उत्तरात भौतिकशास्त्र आहे, रसायनशास्त्र आहे आणि थोडे गणितही आहे. ते नीट समजावे म्हणून आपण घटकाभर बंब बाजूला ठेवू आणि एका थंड देशातील घरात जाऊ.

तीन शेगड्या आणि एक पत्र

समजा, तुमची मावशी इंग्लंडच्या उत्तर भागात, यॉर्कशरमध्ये, एका जुन्या दगडी घरात राहायला गेली आहे. तिथे हिवाळ्यात रात्रीचे तापमान शून्याच्या आसपास उतरते. बैठकीच्या खोलीत तिला लाकडावर चालणारी शेगडी बसवायची आहे. ही शेगडी म्हणजे आपली कोळशाची उघडी शेगडी नव्हे. ती बिडाची किंवा पोलादाची बंद पेटी असते. पुढे काचेचे दार, हवा आत घेण्यासाठी कमीजास्त करता येणारी झडप आणि धूर छपरावर नेऊन सोडणारे धुरांडे, असे तिचे तीन मुख्य भाग. काश्मीरमधली बुखारी याच कुळातली.

दुकानात मावशीला तीन शेगड्या दिसल्या : ४ किलोवॉटची, ७ किलोवॉटची आणि १२ किलोवॉटची. दुकानदार म्हणाला, “मोठीच घ्या. जास्त वाटली तर झडप बंद करून मंद करता येते.” मावशीला ते पटले, पण तिने तुम्हाला पत्र लिहून विचारले, “तू शाळेत विज्ञान शिकतोस ना? मग सांग पाहू, कोणती घेऊ?”

चला, उत्तर शोधू या.

खोली म्हणजे गळका रांजण

एका रांजणाला तळाशी भोक आहे असे समजा. वरून नळ सोडला तर पाणी काही उंचीपर्यंत चढते आणि मग तिथेच थांबते. नळातून जितके पाणी येते तितकेच भोकातून जाऊ लागते म्हणून ते थांबते. पातळी जितकी उंच, तितकी गळती जोरात.

थंडीतली खोलीही अशीच असते. नळाच्या जागी शेगडी, पाण्याच्या पातळीच्या जागी खोलीचे तापमान आणि भोकांच्या जागी भिंती, छत, जमीन, खिडक्या आणि दाराच्या फटी. आतल्या व बाहेरच्या तापमानांत जितका फरक अधिक, तितकी उष्णता अधिक वेगाने बाहेर जाते. म्हणून शेगडी किती मोठी हवी हे शेगडीकडे पाहून ठरत नाही. खोली किती गळते, यावरून ते ठरते. अंथरूण पाहून पाय पसरावेत, तशी खोली पाहून शेगडी घ्यावी.

ही गळती मोजता येते. मावशीची खोली ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि २.५ मीटर उंच आहे असे धरू. म्हणजे तिचे घनफळ झाले ५० घनमीटर. दोन भिंती बाहेरच्या बाजूला आहेत आणि उरलेल्या दोन भिंतींपलीकडे घरातल्याच उबदार खोल्या आहेत. म्हणून त्या दोन सोडून देऊ. वर रिकामा माळा आहे. आत २१ अंश सेल्सियस हवे आहे आणि बाहेर उणे १ अंश आहे. म्हणजे फरक २२ अंशांचा.

आता आणखी एक आकडा लागतो. एक चौरस मीटर भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या तापमानांत एक अंशाचा फरक असेल, तर तिच्यातून किती वॉट उष्णता जाते? जाड दगडी भिंतीसाठी हा आकडा सुमारे २ असतो, एकेरी काचेच्या खिडकीसाठी सुमारे ५, नुसत्या छतासाठी सुमारे २ आणि जमिनीसाठी सुमारे ०.७. वही-पेन्सिल घ्या आणि माझ्याबरोबर मांडा :

बाहेरच्या भिंती (खिडक्या वगळून) : १९ × २ × २२ = ८३६ वॉट
खिडक्या : ३.५ × ५ × २२ = ३८५ वॉट
छत : २० × २ × २२ = ८८० वॉट
जमीन : २० × ०.७ × २२ = ३०८ वॉट

राहिल्या फटी. जुन्या घरात दर तासाला खोलीतली सगळी हवा साधारण दीड वेळा बदलते असे धरू. म्हणजे तासाला ७५ घनमीटर थंड हवा आत येते. एक घनमीटर हवा एका अंशाने तापवायला सुमारे १,२०० ज्यूल लागतात. गुणाकार करून ३,६०० सेकंदांनी भागले, की उत्तर येते ५५० वॉट.

सगळ्यांची बेरीज २,९५९ वॉट, म्हणजे जवळजवळ ३ किलोवॉट. मावशीच्या खोलीला कडाक्याच्या रात्री एवढीच उष्णता पुरते!

ब्रिटनमधले शेगडी बसवणारे लोक एक सोपा ठोकताळा वापरतात. खोलीचे घनफळ घनमीटरांत काढायचे आणि त्याला १४ ने भागायचे. ५० ला १४ ने भागले की सुमारे ३.६ येतात. आपल्या हिशेबाच्या हा आकडा थोडा वर आहे, कारण गार पडलेली खोली तापवायला सुरुवातीला जरा जादा उष्णता लागते. पण ठोकताळा तो ठोकताळाच. घर जितके अधिक गळके, तितका तो कमी पडेल. घर चांगले बंदिस्त असेल, तर तो जास्त सांगेल.

बारा किलोवॉटने काय होईल?

२,९५९ ला २२ ने भागा. सुमारे १३४ येतात. याचा अर्थ, तापमानातल्या प्रत्येक अंशाच्या फरकाला ही खोली १३४ वॉट गमावते. या एका आकड्यावरून तिन्ही शेगड्यांची परीक्षा घेता येते.

४ किलोवॉटची शेगडी आतबाहेर सुमारे ३० अंशांचा फरक टिकवील. म्हणजे बाहेर उणे ९ अंश झाले, तरी आत २१ अंश राहतील. ७ किलोवॉटची शेगडी ५२ अंशांचा फरक टिकवील. आणि १२ किलोवॉटची? जवळजवळ ८९ अंशांचा! बाहेर शून्य असताना खोलीत पाणी उकळायला थोडेच अंश कमी पडतील. अर्थात तसे घडणार नाही. त्याच्या कितीतरी आधी मावशी घामाघूम होऊन खिडकी उघडील, नाहीतर दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे झडप बंद करील.

“मग करू दे की! गॅसची शेगडी नाही का आपण बारीक करत?” असे तुम्ही म्हणाल. खरी गोम इथेच आहे.

लाकूड जळत नाही, लाकडाचा वायू जळतो

एक प्रयोग करा. पण शिक्षकांच्या किंवा घरच्या मोठ्यांच्या देखरेखीखाली. मेणबत्ती काही मिनिटे जळू द्या आणि मग फुंकर मारून विझवा. वातीतून पांढऱ्या धुराची रेघ वर जाईल. लगेच एक पेटती काडी वातीला न लावता, वातीच्या दोन सेंटिमीटर वर, त्या धुरात धरा. ज्योत धुरावरून खाली उडी मारते आणि मेणबत्ती पुन्हा पेटते! तो धूर म्हणजे न जळलेले मेणच होते. थोडक्यात, तो धूर हेच इंधन होते.

लाकडाचेही असेच आहे. लाकूड तापू लागले की प्रथम त्यातले पाणी वाफ होऊन जाते. पुढे २०० ते ३०० अंशांच्या सुमारास लाकडाचे विघटन होऊ लागते आणि त्यातून ज्वलनशील वायू व बाष्पे बाहेर पडतात. आपल्याला दिसणाऱ्या पिवळ्या ज्वाळा या वायूंच्या असतात. शेवटी उरतो तो कोळसा. तो ज्वाळेशिवाय, निखारा होऊन जळतो. लाकडातली निम्म्याहून अधिक उष्णता या वायूंमध्ये असते. पण ते पुरते जळायला तीन गोष्टी लागतात : सुमारे ६०० अंशांच्या वर तापमान, पुरेशी हवा आणि दोन्ही नीट मिसळायला थोडा वेळ.

आता गॅसच्या आणि लाकडाच्या शेगडीतला फरक पाहा. गॅस बारीक करताना आपण इंधन कमी करतो. जेवढा वायू येतो तेवढा पुरता जळतो. ज्योत फक्त लहान होते. लाकडाच्या शेगडीची झडप बंद करताना आपण हवा कमी करतो, इंधन नव्हे! आत रचलेली लाकडे तापलेली असतात. ती वायू सोडतच राहतात. त्यांना थांबवणारी चावी कुठेच नसते. हवा नाही म्हणून ज्वाळा मरते, ज्वाळा मेली म्हणून तापमान उतरते, आणि वायू न जळताच धुरांड्याकडे निघतात. लाकूड धुमसू लागते. मावशीने पैसे देऊन घेतलेले इंधन धूर होऊन आकाशात जाते.

बंबातही हेच घडले होते. ठासून भरलेल्या लाकडांमधून हवा जायला वाट राहिली नाही. वायू निघाले, पण जळले नाहीत. डोळ्यांत गेलेला धूर म्हणजे पाणी तापवायचे राहून गेलेले सरपण!

धुरांड्यातला शत्रू

नुकसान इंधनापुरते असते तर चालले असते. पण धुमसणाऱ्या शेगडीचा धूर थंड असतो. धुरांड्यातून वर जाताना तो आणखी निवतो. त्यातली पाण्याची वाफ आणि डांबरी बाष्पे धुरांड्याच्या गार भिंतीवर जमतात, जशी तापल्या दुधाची वाफ वरच्या झाकणावर जमते. हळूहळू काळा, चिकट, पुढे कडक आणि चकचकीत होणारा थर चढतो. त्याला क्रिओसोट म्हणतात. हा थर म्हणजे पुन्हा इंधनच. असे कित्येक आठवडे गेल्यावर एके दिवशी कोणीतरी शेगडी जोरात पेटवते, एखादी ठिणगी वर जाते आणि धुरांडेच आतून पेट घेते. धुरांड्यातली आग हजार अंशांच्या आसपास पोहोचू शकते. तिने विटांना तडे जातात आणि छताची तुळई पेटून घर जळू शकते. थंड देशांत दरवर्षी धुरांडे साफ करून घेतात ते यासाठीच.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. अपुऱ्या हवेत कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. म्हणून इंग्लंडमध्ये लाकडाची नवी शेगडी बसवताना त्या खोलीत या वायूची सूचना देणारी घंटा लावणे नियमाने आवश्यक आहे. तिथला आणखी एक नियम आकाराशी निगडित आहे. जुन्या घरात ५ किलोवॉटपर्यंतच्या शेगडीला फटींतून येणारी हवा पुरते असे मानतात; त्याहून मोठ्या शेगडीसाठी भिंतीला हवेचे कायमचे भोक ठेवावे लागते. म्हणजे नको इतकी मोठी शेगडी घ्यायची आणि तिच्यासाठी थंड हवेला दारही उघडून द्यायचे!

लहान करून जिंकलेला माणूस

हे शहाणपण नवे नाही. उष्णतेच्या धड्यात तुम्ही काउंट रम्फर्ड हे नाव वाचले असेल. म्यूनिकमध्ये तोफांना भोके पाडताना निघणारी उष्णता पाहून, उष्णता हा पदार्थ नसून तिचा संबंध गतीशी आहे, असे १७९८ मध्ये मांडणारे हेच गृहस्थ. त्यांचे मूळ नाव बेंजामिन थॉम्प्सन आणि जन्म अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा. त्यांनीच १७९६ मध्ये घरातल्या शेकोटीच्या कोनाड्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्या काळी लंडनमधले कोनाडे मोठे आणि खोल असत. खोलीतली ऊबदार हवा धुरांड्यातून भसाभस वर जाई आणि धूर मात्र खोलीत येई. रम्फर्ड यांनी कोनाडा लहान व उथळ केला, बाजूच्या भिंती तिरक्या केल्या आणि धुरांड्याचा गळा अरुंद केला. धूर कमी झाला आणि ऊब वाढली. मोठ्याला लहान करून त्यांनी अधिक मिळवले.

स्वीडनमध्ये मात्र वेगळी युक्ती निघाली. १७६७ मध्ये कार्ल योहान क्रोनस्टेट आणि फाबियान व्रेडे यांनी विटांची जडशीळ शेगडी तयार केली. तिच्यात धूर वरखाली वळसे घेत जातो. दिवसातून एकदा-दोनदा थोडा वेळ मोठा, झगझगीत जाळ करायचा; विटा ती उष्णता पिऊन ठेवतात आणि पुढे कित्येक तास सावकाश सोडतात. म्हणजे जाळ मोठा चालतो, पण त्याची उष्णता साठवायला जागा हवी. पातळ पोलादी शेगडीला हे जमत नाही.

मग सर्वांत लहान घ्यायची का?

तसेही नाही. गरजेहून लहान शेगडी घेतली, तर माणसे तिला चाबूक मारतात. झडप सताड उघडी, पेटीत तोंडापर्यंत लाकडे, धातू तापून लाल, सांधे वाकडे आणि तरीही खोली गारच. दर अर्ध्या तासाला उठून लाकूड घालायचे ते वेगळेच. शेगडी अशी हवी, की बेताचा, उजळ जाळ ठेवून ती कडाक्याच्या दिवशी पुरी पडेल. सौम्य थंडीच्या दिवशी झडप आवळायची नसते. लाकडेच थोडी आणि बारीक फोडून घालायची असतात.

लाकडाचा हिशेबही पाहू. चांगले वाळलेले, म्हणजे वजनात २० टक्के पाणी असलेले, १ किलो लाकूड सुमारे ४ किलोवॉट-तास उष्णता देते. बंद शेगडीने त्यातली तीन-चतुर्थांश खोलीला दिली, तर ३ किलोवॉट-तास मिळतात. मावशीला तासाला एवढेच लागतात, म्हणजे तासाला एक किलो लाकूड! ओल्या लाकडात वजनाने निम्मे पाणी असू शकते. त्याच्या एका किलोतून जेमतेम सव्वादोन किलोवॉट-तास निघतात. शिवाय पाण्याची वाफ करण्यात जाळ थंडावतो आणि धूर होतो तो वेगळाच. म्हणूनच इंग्लंडमध्ये २०२१ पासून थोड्या प्रमाणात विकल्या जाणाऱ्या सरपणात २० टक्क्यांहून अधिक पाणी असायला मनाई आहे.

शेगडी घेण्याआधी करण्याजोगे आणखी एक काम उरले. आपल्या यादीत सर्वांत मोठी गळती कोणती होती? छताची, ८८० वॉट. माळ्यावर काचतंतूंच्या लोकरीचा जाड थर पसरला, तर २ चा आकडा ०.३ वर येतो आणि गळती उरते अवघी १३२ वॉट. एकूण गरज ३ किलोवॉटवरून २.२ वर उतरते! आधी रांजणाचे भोक बुजवावे, मग नळ निवडावा. आधी शेगडी घेतली आणि मागून भोके बुजवली, तर योग्य आकाराची शेगडीसुद्धा मोठी ठरेल.

तेव्हा मावशीला कळवा : “प्रथम माळ्यावर थर घाल. मग ४ किलोवॉटची शेगडी घे. लाकूड वाळलेले आण, जाळ उजळ ठेव, आणि दर वर्षी धुरांडे झाडून घे.” सोबत हिशेबाचा कागद जोडायला विसरू नका, म्हणजे दुकानदारालाही तो दाखवता येईल.

आणि आपल्या घरी?

आपल्याकडे खोली तापवायची गरज क्वचितच पडते. पण अनेक घरांत स्वयंपाक अजून लाकडावर होतो आणि धुराचा हिशेब तिथेही तोच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या अशा धुरामुळे २०२० मध्ये जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. आपल्या देशात १९८३ ते २००२ या काळात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालला. चुलीचे तोंड, पोट आणि भांड्याचे अंतर मापात ठेवायचे आणि धूर धुरांड्याने बाहेर काढायचा, हे त्याचे सूत्र होते. चुलीचे तोंड फार मोठे असले, तर थंड हवा आत घुसून जाळ निववते. फार लहान असले, तर जाळ गुदमरतो. भांडे फार उंच असले, तर उष्णता बाजूने निसटते. फार जवळ असले, तर ज्वाळा गार तळावर आपटून विझते आणि काजळी धरते.

तुम्हाला दोन कामे सांगतो. आपला वर्ग मोजा आणि यॉर्कशरमध्ये असता तर त्याला किती किलोवॉटची शेगडी लागली असती ते काढा; नुसता ठोकताळा नको, गळतीचीही बेरीज करा. आणि पुढच्या वेळी बंब पेटवाल तेव्हा एकदा नळी अर्धीच भरून, वाळक्या बारीक बंबफोडींनी पाणी तापवून पाहा. किती वेळ लागला आणि किती लाकूड लागले, ते वहीत लिहून ठेवा. बंबातून धूर कमी निघू लागला, की समजा, तुमचे सरपण आता पाणी तापवण्याच्या कामी येत आहे.